सेवेला मान मिळवून देणाऱ्या रमाबाई रानडे

भगिनींनो, मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार म्हणून अध्यक्षाबाईंनी प्रत्येकीस काही ना काही लिहून आणावयास सांगितले. कोणी पाककृती दिली, कोणी आईच्या ओव्या उतरवून दिल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, लेख लिहिण्याची सवय नाही. परंतु गेल्या दोन वर्षांत आमच्या घरी जे आजारपण आले, त्यामुळे एका थोर स्त्रीचे चरित्र मी नव्याने वाचले. तेच येथे माझ्या शब्दांत सांगते. काही उणे-अधिक झाल्यास आपण सांभाळून घ्यालच.

ही थोर स्त्री म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी, कै. रमाबाई रानडे. २०१२ साली टीव्हीवर त्यांची मालिका लागत असे, ती आपल्यापैकी पुष्कळजणींनी भाकरी थापता थापता पाहिली असेल. परकर नेसलेली लहानगी रमा सर्वांच्या लक्षात राहिली. परंतु त्याच रमाबाईंनी पुढे वैधव्यात जे काम उभे केले, त्याचे फळ आज आपण घरबसल्या खात आहोत, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. माहेरचे आडनाव कुर्लेकर, नाव यमुना. मुलीने अक्षर गिरवणे त्या काळी अशुभ मानीत, म्हणून माहेरी त्यांना पाटीसुद्धा मिळाली नाही. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न माधवराव रानड्यांशी झाले. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे, पहिली पत्नी वारलेली. सुधारक म्हणून त्यांनी विधवेशी विवाह करावा अशी मित्रांची अपेक्षा होती, परंतु वडिलांच्या शब्दापुढे त्यांचे चालले नाही. मात्र घरात आलेल्या या लहान मुलीला त्यांनी स्वतः शिकविण्यास आरंभ केला. आधी मराठी, मग इंग्रजी.

एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचले नाही. दिवसा घरकाम, रात्री अभ्यास, आणि त्याबद्दल बोलणी खायची ती वेगळीच. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही, आणि पुस्तकही सोडले नाही. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, त्यांच्या आर्य महिला समाजात त्या जाऊ लागल्या. मुलींसाठी हायस्कूल असावे म्हणून गव्हर्नरसाहेबांसमोर भरसभेत त्यांनी इंग्रजीतून मागणी वाचून दाखविली. १८८४ साली पुण्यात ते हायस्कूल निघाले, त्यालाच आपण हुजूरपागा म्हणतो. ज्या मुलीला माहेरी पाटी मिळाली नव्हती, तिने हजारो मुलींना शाळा मिळवून देण्यास हातभार लावला.

१६ जानेवारी १९०१ रोजी हृदयविकाराने माधवरावांचे निधन झाले. रमाबाईंचे वय तेव्हा एकोणचाळिसाच्या आत-बाहेर, म्हणजे आज माझे आहे त्याहूनही कमी. मुंबई सोडून त्या पुण्याच्या जुन्या घरी आल्या व वर्षभर लोकांत मिसळल्याच नाहीत. दुसरी एखादी बाई त्याच कोपऱ्यात आयुष्य काढती, आणि जगाने तिला चांगलेच म्हटले असते. रमाबाई बाहेर पडल्या. तुरुंगातील बायकांकडे जाऊ लागल्या, दवाखान्यातील रोग्यांकडे जाऊ लागल्या. १९०४ साली मुंबईस भारत महिला परिषद भरली, तीत त्यांनी पुढाकार घेतला. १९०९ साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात सेवासदन स्थापन केले. पतीच्या सहवासातील आठवणींचे त्यांचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले.

सेवासदनात शिवण, लिहिणे-वाचणे, शिक्षिकेचे शिक्षण असे अनेक वर्ग होते. परंतु त्यांतला सर्वांत अवघड वर्ग परिचारिकांचा. १९११ च्या सुमारास पुण्याच्या ससून रुग्णालयात सेवासदनाच्या बायका हे शिक्षण घेऊ लागल्या. भगिनींनो, त्या काळात याचा अर्थ काय होता तो ध्यानी घ्या. परक्या माणसाचे अंग पुसायचे, मलमूत्राचे भांडे उचलायचे, रक्ता-पुवाने भरलेले कपडे बदलायचे, कोणाची जात कोणती हे विचारायचे नाही. रुग्णालयांत हे काम करणाऱ्या बहुतेक युरोपियन किंवा ख्रिस्ती बायका असत. सोवळ्यातल्या घरची विधवा हे काम करणार म्हटल्यावर गावाने काय म्हटले असेल? तरी रमाबाईंनी घरोघर जाऊन लोकांची समजूत घातली. जी विधवा घरात आयुष्यभर उष्टी-खरकटी काढून दुर्लक्षित राहायची, तिच्या हातात विद्या दिली, पगार दिला आणि मान दिला.

एकदा बक्षीस-समारंभात केशवपन केलेली एक विधवा बक्षीस घेण्यास उठली, तेव्हा प्रेक्षकांतील विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो केली. रमाबाईंनी उभे राहून त्या शिकलेल्या मुलांना भरसभेत खडसावले आणि तुमच्या घरात अशी एखादी आई-बहीण नाही काय, असे विचारले. सभा चिडीचूप झाली.

विलायतेतही याहून वेगळे नव्हते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ साली क्रिमियाच्या लढाईतील सैनिकांच्या शुश्रूषेस गेल्या, तेव्हा तिकडेही हे काम हलके समजत. त्या लढाईत गोळीने मेले त्याहून अधिक शिपाई हगवण, पटकी, विषमज्वर अशा रोगांनी मेले. आतड्याचा रोग कोणाला सांगावासा वाटत नाही, आणि त्याची घाण काढायला कोणी पुढे येत नाही, म्हणून तो अधिक मारतो.

येथेच माझ्या घरची गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या सासूबाईंना शौचावाटे रक्त व आव पडू लागली. लाजेपोटी त्यांनी वर्षभर कोणास सांगितले नाही. मूळव्याध असेल म्हणून आपल्या आपण चूर्ण घेत राहिल्या. अंगातले रक्त इतके कमी झाले, की तुळशीला पाणी घालताना चक्कर येऊन पडल्या, तेव्हा आम्हांस कळले. मोठ्या शहरात दुर्बिणीने तपासणी झाली. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज व व्रण, ज्याला डॉक्टर अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. हा आजार एकापासून दुसऱ्यास लागत नाही. औषधाने तो ताब्यात राहतो, पण मधूनमधून पुन्हा डोके वर काढतो, म्हणून वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो.

आपले शेलूबाजार चौफुलीचे गाव, आता तर समृद्धी महामार्गही जवळून जातो. परंतु ज्या म्हातारीला दिवसातून दहा वेळा उठावे लागते, ती मोटारीत बसणार तरी कशी? तेव्हा त्या दवाखान्यातील एका सिस्टरबाईंनी फोनवरून सांभाळ सुरू केला. दर पंधरा दिवसांनी फोन येई. किती वेळा जावे लागते, रात्री उठावे लागते का, रक्त पडते का, ताप आहे का, वजन किती, हे सर्व त्या विचारीत आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेले वाचून दाखवी. बरे वाटले म्हणून गोळी बंद करायची नाही, अंगदुखीची गोळी दुकानातून आपल्या मनाने आणायची नाही, जुलाब वाढले तर मीठ-साखरेचे पाणी किंवा पाकिटातली क्षारसंजीवनी द्यायची, पोट बिघडलेले असेपर्यंत मऊ भात-वरण द्यायचे, हे त्यांनी शिकविले. दिवसात सहापेक्षा जास्त वेळा रक्ताचे जुलाब होऊन ताप आला किंवा छातीत धडधडले, तर फोनची वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हेही बजावले. मागच्या पावसाळ्यात एका रात्री तसेच झाले. कॅलेंडरवरचे आकडे पाहून मी ह्यांना उठविले, आम्ही गाडी केली. पहाटे सासूबाई दाखल झाल्या आणि आठ दिवसांनी घरी परतल्या.

त्या सिस्टरबाईंना मी अजून पाहिलेले नाही. परंतु जी गोष्ट सासूबाईंनी पोटच्या मुलाला सांगितली नाही, ती त्या फोनवर मोकळेपणी सांगतात.

आता एक कबुली देते. माझी मुलगी बारावीनंतर नर्सिंगला जाते म्हणाली, तेव्हा सर्वांत आधी मीच नाही म्हटले होते. लोकांची घाण काढण्यासाठी का तुला शिकविले, असे मी तिला बोलले. त्यानंतर काही महिन्यांतच माझ्याच घरात, माझ्याच सासूबाईंसाठी, कोणाच्या तरी मुलीचा फोन येऊ लागला. तिच्याही आईने माझ्यासारखेच म्हटले असते आणि मुलीने ऐकले असते तर? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रमाबाई पुण्यात ज्यांना समजावीत हिंडल्या, त्या आयाबायांत मीही बसलेली आहे, असे चरित्र वाचताना वाटले आणि मान खाली गेली.

रमाबाईंनी पुढे आळंदीच्या यात्रेत बायकांची सेवा केली, १९१३ च्या दुष्काळात गुजराथ-काठेवाडातील लोकांसाठी मदत उभी केली, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी व बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी सभा घेतल्या. १९२४ साली त्यांनी देह ठेवला. १९६२ साली जन्मशताब्दीस सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. सेवासदन आजही आहे.

तर भगिनींनो, मंडळापुढे माझे मागणे एवढेच. हळदीकुंकवाला जमलो की साडीबरोबर प्रकृतीचेही बोलू या. शौचावाटे रक्त जात असेल तर ते लपवू नये, आशाताईला सांगावे. सरकारची ई-संजीवनी ही सोय २०१९ पासून आहे, तिच्यातून डॉक्टरांशी दुरूनही बोलता येते. आणि कोणाच्या मुलीने परिचारिका होईन म्हटले, तर तिला माझ्यासारखे बोलू नये.

माझ्या मुलीचा नर्सिंगचा अर्ज आम्ही भरला आहे. पाठीशी आजी उभी राहिली, आईला मात्र उशिरा शहाणपण आले. कै. रमाबाईंच्या स्मृतीस माझे नम्र वंदन.

— मंडळाची एक सभासद, शेलूबाजार