शिंप्याचा पोर, कलेक्टर आणि आपला अल्टरनेटर

मित्रांनो, एम-थ्रीच्या सबमिशनला आपण ज्याच्या नावाने खडे फोडतो, तो जोसेफ फोरियर माणूस म्हणून कसा होता हे कुणी सांगतच नाही. म्हणून हा खटाटोप.

१७६८ साली फ्रान्समधल्या ओसेर गावी, शिंप्याच्या घरात तो जन्मला. आई-वडील लहानपणीच गेले. फादर लोकांच्या शाळेत त्याला गणिताची गोडी लागली. (शाळा माझीही फादर लोकांचीच, गोडीचं विचारू नका!) तोफखान्यात अधिकारी व्हायचं होतं, पण घराणं मोठं नाही म्हणून नकार मिळाला. क्रांतीच्या धामधुमीत, १७९४ मध्ये, तुरुंगात गेला. रोब्सपिएर पडला म्हणून सुटला. १७९८ ला नेपोलियनबरोबर इजिप्त. परत आल्यावर ग्रनोबलला प्रीफेक्ट, म्हणजे आपला कलेक्टरच. दलदली उपसल्या, तुरीनकडे जाणारा रस्ता काढला, आणि हे करता करता १८०७ मध्ये उष्णतेवर निबंध लिहिला : कितीही वेडीवाकडी लहर असो, ती साध्या साइन लहरींची बेरीज असते. लाग्रांजसारख्या बड्या माणसाला ते पटेना. १८१२ ला बक्षीस मिळालं, पण सिद्धता कच्ची असा शेरा मारून. पुस्तक निघायला १८२२ उजाडलं. खरं सांगायचं तर शेरा चुकीचा नव्हता. पक्की सिद्धता डिरिश्लेने १८२९ मध्ये दिली. पण फोरियर मागे हटला नाही, हे मला जास्त आवडतं.

आता आपल्याकडे या. पुणतांब्याच्या आसपासच्या ऊसपट्ट्यात गळीत हंगामात साखर कारखाने बगॅस जाळून टर्बाइनवर वीज करतात. अल्टरनेटरची लहर जवळजवळ साइनच असते. पण मोटारींचे ड्राइव्ह करंट तुकड्या-तुकड्यांत ओढतात, आणि पाचवा, सातवा हार्मोनिक तयार होतो. ग्रिड जोडलेलं असेल तर व्होल्टेज फारसं बिघडत नाही. उलट अल्टरनेटर त्या करंटला आणखी एक वाट देतो, कपॅसिटर बँकेशी रेझोनन्स जुळला तर मात्र पंचाईत. ग्रिड सुटलं आणि कारखाना एकटाच चालू राहिला, की तोच करंट अल्टरनेटरच्या सबट्रान्झियंट रिअॅक्टन्समधून जातो आणि व्होल्टेजची लहर चांगलीच वाकडी होते. पाचव्याचं चुंबकीय क्षेत्र उलटं फिरतं, सातव्याचं सुलटं. पण फिरत्या रोटरला दोन्ही ३०० हर्ट्झचेच दिसतात, आणि डॅम्पर वाइंडिंग तापतं. उष्णतेसाठी काढलेलं गणित फिरून उष्णतेवरच आलं की!

म्हातारपणी फोरियरला सारखी थंडी वाजायची. खोली तापवून, कपड्यांत गुंडाळून तो बसायचा. १६ मे १८३० ला पॅरिसमध्ये वारला. फॅरेडेचा इंडक्शनचा प्रयोग १८३१ चा. म्हणजे अल्टरनेटर हा प्रकार त्याने कधी पाहिलाच नाही.