दूरदेशीचा शिक्षक : लाफकाडिओ हर्न

दरवर्षी जून महिन्यात आपल्या वसतिगृहाच्या दारात आईवडील मुलाला घेऊन येतात. एका हातात पत्र्याची पेटी, काखेत वळकटी आणि आईचा पदर न सोडणारे पोर, हे दृश्य पाहतापाहता माझी नोकरीची वर्षे सरत आली. मूल रडते, आई रडते, बाप तोंड फिरवून उभा राहतो. त्या क्षणी ते मूल ज्याच्या हाती सोपविले जाते तो शिक्षक कसा असावा, हा प्रश्न मला दर जूनमध्ये नव्याने पडतो. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा या प्रश्नाच्या अनुषंगाने मला एका परदेशी शिक्षकाचे स्मरण झाले. हा शिक्षक जन्माने युरोपीय होता. त्याने आयुष्याची अखेरची चौदा वर्षे जपानमध्ये काढली, जपानी मुलांना शिकविले आणि त्याचा अंत्यविधी टोकियोतील एका बौद्ध मंदिरात झाला. लाफकाडिओ हर्न हे त्याचे नाव.

हर्न यांचा जन्म २७ जून १८५० रोजी ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याजवळील लेफकाडा बेटावर झाला. हे बेट त्या वेळी ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते. वडील चार्ल्स हर्न हे ब्रिटिश सैन्यातील आयरिश शल्यचिकित्सक, तर आई रोझा ही ग्रीक. दोन वर्षांचे असताना आई त्यांना घेऊन डब्लिनला सासरी आली. परकी भाषा, परका धर्म आणि सासरचा थंडपणा तिला सोसवेना. १८५४ साली ती ग्रीसला परतली आणि पुन्हा मुलाच्या दृष्टीस पडली नाही. त्या वेळी मूल चार वर्षांचे होते. वडिलांनी तो विवाह रद्द करवून घेतला, दुसरे लग्न केले आणि ते हिंदुस्थानात सिकंदराबादच्या छावणीत रुजू झाले. १८६६ साली मायदेशी परतताना सुएझ येथे त्यांचे निधन झाले. आईवडील हयात असतानाच पोरके झालेले हे मूल वडिलांच्या एका श्रीमंत मावशीने सांभाळले.

पुढे त्यांना इंग्लंडमधील एका कॅथलिक निवासी शाळेत ठेवण्यात आले. तेथे वयाच्या सोळाव्या वर्षी खेळताना झालेल्या इजेने त्यांचा डावा डोळा कायमचा गेला. उजव्या डोळ्यालाही दूरचे दिसत नसे. आपला चेहरा विद्रूप झाला आहे ही जाणीव त्यांना जन्मभर छळत राहिली. छायाचित्र काढताना ते नेहमी डावी बाजू लपवीत. पुढे सांभाळणाऱ्या मावशीचे दिवाळे निघाले, शाळा सुटली आणि १८६९ साली, एकोणीस वर्षांच्या वयात, त्यांना अमेरिकेला धाडून देण्यात आले.

सिनसिनाटी शहरात त्यांनी उपासमार सोसली. एका दयाळू छपाईवाल्याने त्यांना आसरा दिला. लेखणीच्या बळावर ते बातमीदार झाले आणि गरिबांच्या, कामगारांच्या, कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील जीवन त्यांनी वृत्तपत्रांतून मांडले. १८७४ साली त्यांनी गुलामगिरीत जन्मलेल्या अलेथिया फोली या स्त्रीशी विवाह केला. गोऱ्या व काळ्या वर्णाच्या व्यक्तींचा विवाह ओहायो राज्याच्या तत्कालीन कायद्याला मान्य नव्हता. या विवाहाचे कारण पुढे करून वृत्तपत्राने त्यांना कामावरून काढले. विवाह फार काळ टिकला नाही. तरीही माणसामाणसांत भिंत घालणारा कायदा कसा असतो, हे हर्न यांनी स्वतःच्या संसारात अनुभवले होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

न्यू ऑर्लिन्स व मार्टिनिक बेट येथील वास्तव्यानंतर ४ एप्रिल १८९० रोजी हर्न योकोहामा बंदरात उतरले. ते आले होते एका अमेरिकी मासिकासाठी लेख लिहायला. मोबदल्यावरून खटका उडाला आणि ते काम सुटले. खिशात पैसा नाही, देश अनोळखी, भाषा अवगत नाही, अशा अवस्थेत त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. मेइजी काळातील जपान सरकारने आधुनिक विद्या शिकविण्यासाठी शेकडो परदेशी माणसे मोठ्या पगारावर नेमली होती. त्यांतील पुष्कळांचा मुक्काम परदेशीयांच्या वेगळ्या वसाहतींत असे आणि करार संपला की ते मायदेशी परतत. हर्न यांना मात्र पाठविण्यात आले ते जपान समुद्राकडील मात्सुए या दूरच्या गावी. ऑगस्ट १८९० अखेर ते तेथे पोहोचले. पगार दरमहा शंभर येन. स्थानिक शिक्षकांच्या मानाने तो पुष्कळच मोठा होता.

मात्सुए येथील दिवसांचे वर्णन त्यांनी इंग्रजी शिक्षकाची रोजनिशी या स्वरूपात लिहून ठेवले आहे. पहाटे तांदूळ कांडण्याचा घुमणारा आवाज, मग बौद्ध मंदिराची घंटा, सूर्याकडे तोंड करून टाळ्या वाजवणारे लोक आणि पुलावरून जाणाऱ्या शेकडो लाकडी पादत्राणांचा खडखडाट, अशी त्यांची सकाळ होई. शाळेत निशिदा सेंतारो हे सहकारी शिक्षक त्यांचे मार्गदर्शक व जिवलग मित्र झाले. विद्यार्थी सुटीच्या दिवशी घरी येत, दाराशी पादत्राणे काढून नम्रपणे बसत. जपानी शिक्षक मुलांवर हात उगारत नाही, हे पाहून छडीच्या धाकात वाढलेल्या हर्न यांना नवल वाटले. मुलाला मारणाऱ्या शिक्षकाला तेथे नोकरी सोडावी लागली असती, असे त्यांनी नोंदविले आहे.

त्यांच्या नजरेतून आणखी एक गोष्ट सुटली नाही. ही मुले साध्या भातावर आणि अपुऱ्या कपड्यांवर राहून परक्या भाषेतील अवघड विद्या शिकत होती. त्या ताणाने काही मुले खचत, आजारी पडत, मृत्युमुखीही पडत. त्यांतील एक सुताराचा मुलगा होता. घरची गरिबी, परंतु बुद्धी अशी की गावातील एका सधन गृहस्थाने त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलला होता. अतिश्रमाने तो अंथरुणाला खिळला. शेवट जवळ आला तेव्हा त्याने एकच इच्छा सांगितली. शाळा पुन्हा एकदा पाहायची होती. हिवाळ्याच्या रात्री एका विश्वासू माणसाने त्याला पाठीवर घेऊन शाळेपाशी नेले. अंधारात त्याने आपल्या वर्गाची खिडकी पाहिली आणि समाधानाने तो घरी परतला. लवकरच त्याचे प्राण गेले. ज्यांच्या घराण्यात पहिल्यानेच अक्षर आले आहे, त्यांना त्या मुलाची इच्छा समजावून सांगण्याची गरज नाही.

मात्सुए येथेच हर्न यांचा विवाह कोइझुमी सेत्सु या निर्धन झालेल्या सामुराई घराण्यातील तरुणीशी झाला. नोव्हेंबर १८९१ मध्ये ते क्युशू बेटावरील कुमामोतोच्या सरकारी महाविद्यालयात दुप्पट पगारावर गेले. तेथील प्रमुख होते ज्यूदोचे जनक कानो जिगोरो. मात्सुएचा जिव्हाळा येथे नव्हता. शिक्षकांच्या खोलीत ते एकाकी असत. दुपारच्या सुटीत ते मागील टेकडी चढून जुन्या स्मशानभूमीतील पाषाणाच्या बुद्धमूर्तीजवळ बसत. खाली आधुनिक विद्येची इमारत, वर शांत बुद्ध. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा विचार त्यांच्या पुढील लेखनात सतत येत राहिला.

कुमामोतोच्या वर्गात त्यांनी एकदा निबंधाला विषय दिला. माणसाच्या सर्वांत दीर्घकाळ लक्षात काय राहते? एका विद्यार्थ्याने आपल्या आईच्या मृत्यूविषयी लिहिले. तो चार वर्षांचा असताना, हिवाळ्यात, आई अंथरुणाला खिळली होती. त्याने तिच्या हाती एक संत्रे दिले. तिने ते चाखले आणि ती हसली. तेच तिचे शेवटचे हसू. हर्न यांनी तो निबंध आपल्या पुस्तकात जपून ठेवला. चार वर्षांचे असताना आपलीही आई दुरावली होती, हे त्यांनी तेथे लिहिलेले नाही. वाचकाला मात्र ते ठाऊक असले की त्या पानापाशी थांबावे लागते.

आता त्यांच्या चरित्रातील त्या प्रसंगाकडे येऊ, ज्यासाठी मी मुख्यत्वे हा लेख लिहीत आहे. मात्सुएबाहेर टेकड्यांच्या आड एक वस्ती होती. तेथील लोकांना यामा-नो-मोनो, म्हणजे डोंगराकडचे लोक, असे म्हणत. जपानी समाजाने अस्पृश्य ठरविलेल्या समूहांपैकी हा एक. जुने कागद, चिंध्या, बाटल्या गोळा करून विकणे हा त्यांचा व्यवसाय, आणि दारोदार अंगणात नाचगाणे करणे हे त्यांच्या स्त्रियांचे काम. १८७१ साली सरकारने आदेश काढून अशा समूहांवरील कायदेशीर बंधने रद्द केली होती. कागदावर सर्व समान झाले. प्रत्यक्षात गावातील प्रतिष्ठित माणसे त्या वस्तीत पाऊल ठेवीत नसत. हर्न एका सहकाऱ्याला घेऊन तेथे गेले. घाण आणि ओंगळपणा दिसेल अशी त्यांची कल्पना करून देण्यात आली होती. दिसली ती नीटनेटकी घरे, फुलांची लहान बागा आणि स्वच्छ माणसे. त्यांनी तेथील स्त्रियांची गाणी ऐकली, पुढे ती भाषांतरित करून १८९६ च्या ‘कोकोरो’ या ग्रंथाच्या परिशिष्टात छापली.

त्या टिपणात शिक्षणाविषयी एक निरीक्षण आहे. सरकारी शाळा या मुलांना नावापुरत्या खुल्या आहेत, पण समाजाचा द्वेष इतका तीव्र आहे की ही मुले तेथे सुखाने शिकू शकणार नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी लहान शाळा काढता येईल, परंतु सहानुभूतीने शिकविणारे शिक्षक मिळणे कठीण, असा त्याचा आशय. हे वाचताना आपल्याला साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळा बसलेला भीवा आठवल्यावाचून राहत नाही. १९०० साली भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले, तेव्हा हर्न टोकियोच्या विद्यापीठात शिकवीत होते. दोन देश, दोन समाज, परंतु शाळेचे दार उघडे असूनही आत जागा नसणे हे दुःख एकच.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने व्यक्तिपूजा टाळली पाहिजे. हर्न यांनी ती वस्ती पाहिली, तिच्याविषयी आदराने लिहिले, पण तेथे शाळा काढली नाही. काही काळाने ते गाव सोडून गेले. जुन्या जपानच्या सौंदर्यावर त्यांचे इतके प्रेम होते की त्या सौंदर्याखालची उतरंड त्यांना पुष्कळदा दिसली नाही. सामुराई निष्ठा व सम्राटभक्ती यांचा त्यांनी गौरव केला. त्याच भक्तीने पुढे जपानला कोठे नेले, हे आपण जाणतो. त्यांना भावलेला बौद्ध धर्मही लोककथांचा, पूर्वजन्मांचा व भूतखेतांचा होता. बाबासाहेबांनी आपल्या हाती दिलेला विवेकनिष्ठ धम्म त्याहून वेगळा आहे. आणि त्या वस्त्यांतील माणसांना मान मिळाला तो कोणा पाहुण्याच्या लेखणीमुळे नव्हे. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्यांनीच सुइहेइशा ही समतेची संघटना स्थापन केली आणि आपला लढा आपल्या हाती घेतला. महाडचा सत्याग्रह त्यानंतर पाच वर्षांनी झाला.

हर्न यांच्या पुढील आयुष्याची हकिकत थोडक्यात सांगतो. काही काळ कोबे येथे पत्रकारिता केल्यावर १८९६ साली त्यांनी जपानी नागरिकत्व घेतले. पत्नी व मुलांचा कायदेशीर हक्क सुरक्षित राहावा हा त्यामागील हेतू. पत्नीच्या घराण्याचे नाव घेऊन ते कोइझुमी याकुमो झाले. त्याच वर्षी टोकियो सम्राट विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. ते सावकाश, सोप्या शब्दांत बोलत आणि विद्यार्थी शब्दन् शब्द उतरवून घेत. त्यांची व्याख्याने ग्रंथरूपाने आली ती या वह्यांतूनच, तीही त्यांच्या मृत्यूनंतर. घरी सेत्सु त्यांना रात्री दिव्याची वात कमी करून जुन्या कथा सांगत. पुस्तकातून वाचू नकोस, तुझ्या शब्दांत सांग, असा त्यांचा आग्रह असे. त्यातून १९०४ साली ‘क्वाइदान’ हा कथासंग्रह सिद्ध झाला.

१९०३ साली विद्यापीठाने त्यांची सेवा संपविली. जपानी नागरिक झालेल्या माणसाला परदेशी अध्यापकाचे वेतन कशासाठी, असा प्रश्न पुढे आला होता. ज्या देशाला त्यांनी आपले मानले, तेथे आपलेपणाचीच किंमत त्यांना मोजावी लागली. विद्यार्थ्यांनी निषेध केला, पण निर्णय फिरला नाही. त्यांच्या जागी आलेल्यांत पुढे थोर कादंबरीकार म्हणून गाजलेले नात्सुमे सोसेकी होते. १९०४ मध्ये हर्न वासेदा विद्यापीठात शिकवू लागले. त्याच वर्षी २६ सप्टेंबर रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय चौपन्न. मागे पत्नी, तीन मुलगे व एक मुलगी. मात्सुए गावाने त्यांचे घर आणि वस्तू जपून ठेवल्या आहेत. त्यांत एक नेहमीपेक्षा उंच मेज आहे. अधू डोळा कागदाजवळ नेता यावा म्हणून ते मुद्दाम करवून घेतले होते.

हर्न यांनी जी अडचण नोंदविली, ती शाळेची नव्हती, शिक्षकांची होती. इमारत सरकार बांधू शकते, दारही कायद्याने उघडता येते. आत आलेल्या मुलाला आपले म्हणणारा माणूस मात्र कायद्याने निर्माण होत नाही. आपली ही शाळा ज्यांनी उभारली, ते त्याच उंबरठ्याबाहेरून आलेले होते. म्हणून त्यांना सहानुभूती शिकावी लागली नाही. आजचे आम्ही शिक्षक पगारदार आहोत, आमच्यातील कित्येकांनी तो उंबरठा पाहिलेला नाही. येत्या जूनमध्ये पुन्हा पत्र्याच्या पेट्या दाराशी येतील. त्या वेळी ज्या मुलाला रात्री आजारी असतानाही आपल्या वर्गाची खिडकी पाहावीशी वाटेल, अशी शाळा आपण राखली आहे का, हे माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी आम्हाला निःसंकोच विचारावे. उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.