शांतिब्रह्म श्री एकनाथ महाराज

मंदिराच्या जीर्णोद्धाराचे कार्य सर्वांच्या हातभाराने सिद्धीस गेले. या मंगल प्रसंगी आपल्याच जिल्ह्यातील पैठणच्या नाथमहाराजांचे स्मरण करावे, असे मनात आले. त्याला एक कारणही आहे. ते शेवटी सांगेन.

नाथांचा जन्म इ. स. 1533 च्या सुमारास पैठण येथे झाला. थोर विठ्ठलभक्त संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण व आई रुक्मिणी यांचे छत्र बालपणीच हरपले आणि आजोबा चक्रपाणी यांनी त्यांना वाढविले. लहान वयातच गुरूच्या ओढीने ते देवगिरीस गेले. तेथील किल्ल्याचे अधिकारी जनार्दनस्वामी यांच्याजवळ राहून त्यांनी हिशेबाचे काम आणि परमार्थ दोन्ही शिकून घेतले. पुढे गुरुआज्ञेने पैठणला परतून गिरिजाबाईंशी विवाह केला व प्रपंच मांडला. नाथ रानात गेले नाहीत, मठात बसले नाहीत. भर वस्तीत, उघड्या दाराच्या वाड्यात राहिले. म्हणूनच बरे-वाईट सारेच त्यांच्या दारी आले.

गोदास्नान करून परतणाऱ्या नाथांच्या अंगावर एक मनुष्य थुंकत असे. नाथ पुन्हा नदीवर जाऊन स्नान करीत. एके दिवशी असे 108 वेळा घडले, अशी परंपरा सांगते. अखेर तो मनुष्यच खजील झाला, आणि इतक्या स्नानांचे पुण्य घडविल्याबद्दल नाथांनी उलट त्याचेच उपकार मानले. ही कथा आपण कीर्तनात कितीदा तरी ऐकली आहे. पण त्यातील एक गोष्ट ध्यानात येत नाही. नाथांना दुसऱ्या घाटावर जाता आले असते. दोन शिष्य सोबत घेता आले असते. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी वाट बदलली नाही.

नाथांना राग आणून दाखविल्यास दोनशे रुपये मिळतील, या आशेने एक गरजू ब्राह्मण त्यांच्या घरी आला. गिरिजाबाई वाढण्यासाठी वाकल्या असता तो त्यांच्या पाठीवरच चढून बसला. पाहुणा पडेल, जपा, असे नाथांनी पत्नीस सुचविले. मुलाला पाठीवर घेऊन काम करण्याची सवय असल्याने याला पडू देणार नाही, असे त्या माउलीने हसून सांगितले. पुढे खरा प्रकार कळल्यावर नाथ हळहळले. आधी समजले असते तर रागावलो असतो, निदान त्या बिचाऱ्याला पैसे तरी मिळाले असते, असे त्यांना वाटले. अपमान करणाऱ्याची अडचणही ज्याला दिसते, त्याची शांती ही दगडाची शांती नव्हे.

श्राद्धाचा स्वयंपाक त्या काळी अस्पृश्य मानलेल्या भुकेल्यांना त्यांनी जेवू घातला. तापल्या वाळवंटात रडणारे त्यांचे लेकरू कडेवर घेतले. त्यावरून गावातील प्रतिष्ठितांचा रोष ओढवला. नाथांनी बोलणी सोसली, पण भुकेल्याला पंगतीतून उठविले नाही.

परक्यांचे बोल एक वेळ सोसवतात, घरचे सोसवत नाहीत. पुत्र हरिपंडित विद्वान होते. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे, कोणाच्याही घरी जेवावे, हे त्यांना रुचेना. ते घर सोडून काशीस गेले. बाप स्वतः जाऊन मुलाला घेऊन आला. परान्न घेणार नाही व प्राकृत पुराण सांगणार नाही, या मुलाच्या अटीही मान्य केल्या. ज्याने आयुष्यभर मराठीची सेवा केली, त्याला हे किती जड गेले असेल! नाथांचे पुराण बंद होताच श्रोते ओसरले, आणि कालांतराने पुत्राला पित्याची थोरवी उमगली, असे चरित्रकार सांगतात.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावरील नाथांची टीका शके 1495 म्हणजे इ. स. 1573 मध्ये काशी येथे पूर्ण झाली. दुर्जनांचे बोल कसे सोसावेत, असे उद्धव त्यात श्रीकृष्णाला विचारतो. उत्तरादाखल तेविसाव्या अध्यायात एका भिक्षूची कथा येते. लोक त्याचे भिक्षापात्र हिसकावतात, त्याच्या अन्नाची विटंबना करतात. तो विचार करतो की सुखदुःखाचे मूळ ना लोकांत, ना ग्रहांत. ते आपल्याच मनात आहे. तो भिक्षू संन्यासी होता. नाथांनी तेच बायकामुलांत राहून आचरले. शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करणाऱ्या या महात्म्याने शके 1521 मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस गोदावरीत देह ठेवला. त्या तिथीस नाथषष्ठीची यात्रा भरते. जायकवाडीच्या जलाशयालाही नाथसागर असेच नाव आहे.

आता ते कारण. या कामाच्या वर्गणीसाठी प्रस्तुत लेखक एका दारी गेला असता चार कठोर शब्द ऐकून रित्या हाताने परतला. शब्द लागले, हे कबूल केले पाहिजे. पण त्याहून वाईट हे की, त्यानंतर त्या आळीतून जाणेच त्याने सोडले. मंदिराकडे येतानाही लांबचा फेरा घेतला. हे चरित्र लिहिताना त्याची लाज वाटली. अशा कामात कोणाचे नाव खाली येते, कोणाचा मान राहून जातो, शब्दाला शब्द लागतो. आपल्यातीलही काहीजण मने दुखावल्याने दूर राहिले असतील. लागू नये, असे मन देवाने कोणालाच दिलेले नाही. लागल्यावर वाट बदलायची की नाही, एवढेच आपल्या हाती आहे.

कलशारोहणाच्या प्रसादाचे आमंत्रण घेऊन लेखक त्याच आळीने, त्याच दारी जाणार आहे. आपणही आपापले एक दार आठवावे, ही नम्र विनंती.