दोन स्तंभांचे ‘दर्पण’

मुंबईस प्रथमच येणाऱ्या माणसाला त्या शहराची बहुभाषिकता दिसते ती वृत्तपत्रविक्रेत्याच्या फळीवर. मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, इंग्रजी पत्रे तेथे शेजारी शेजारी मांडलेली असतात. परंतु बहुतेक वाचक आपल्या भाषेचे पत्र उचलतात आणि चालू लागतात. शेजारच्या पत्रात काय छापून आले आहे, याचा त्यांना गंधही नसतो. अशा वेळी बाळशास्त्री जांभेकरांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे.

बाळशास्त्री पोंभुर्ल्याचे. देवगड तालुक्यातील हे गाव १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते. जिल्ह्याच्या विभाजनाने त्यांना आपले म्हणण्याचा आमचा हक्क बुडालेला नाही! त्यांचा जन्म १८१२ चा. १८२५ च्या सुमारास मुंबईत आले, तेव्हा तेही त्या शहरात परगावचेच होते. बापू छत्रे यांच्यापाशी त्यांनी इंग्रजीचे धडे घेतले. पुढे गुजराती, बंगाली, फारसी, फ्रेंच या भाषाही आत्मसात केल्या.

मुंबईत त्या काळी इंग्रजी पत्रे होती, १८२२ पासून फर्दुनजी मर्झबान यांचे गुजराती ‘मुंबई समाचार’ही होते. मराठी वाचक मात्र उपेक्षित होता. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्रींनी ‘दर्पण’ काढले. एका स्तंभात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी अशी त्याची रचना होती. एतद्देशीयांना नवी विद्या कळावी आणि राज्यकर्त्यांना प्रजेचे मन कळावे, असा दुहेरी हेतू तीत होता. विधवाविवाहासारखा नाजूक विषयही या पत्राने वर्ज्य मानला नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा व्यवहार आतबट्ट्याचाच म्हटला पाहिजे. पैसे देऊन पत्र घेणारा मराठी वाचक अद्याप घडावयाचा होता, आणि मजकूर तर दोन भाषांत जुळवावयाचा. मागणीआधीच केलेला हा पुरवठा होता. तरीही पाक्षिकाचे काही महिन्यांतच साप्ताहिक झाले आणि ते १८४० पर्यंत चालले. त्याच काळात बाळशास्त्री एल्फिन्स्टनमध्ये अध्यापनही करीत होते. दादाभाई नौरोजी हे त्यांचे विद्यार्थी.

१८४० मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ मासिक सुरू केले. पुढील वर्षी निघालेले भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ मराठी होते. द्विभाषिक पत्राची परंपरा १८६२ मध्ये ‘इंदुप्रकाश’ने पुन्हा उचलली, पण बाळशास्त्री तोवर हयात नव्हते. मे १८४६ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते निवर्तले.

६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी तरी मुंबईच्या पत्रांनी शेजारच्या भाषेतील एखादा स्तंभ छापण्यास काय हरकत आहे?