डब्लिनची माउली

आयर्लंड हे एक बेट. आपल्यासारखेच तेही दीर्घकाळ इंग्रजांच्या अमलाखाली होते. त्या बेटावरील एका थोर स्त्रीची ही जीवनकथा आहे. तिचे नाव कॅथरिन मॅकॉली.

कॅथरिनचा जन्म १७७८ साली डब्लिनमध्ये झाला. तिचे वडील रविवारी गरीब मुलांना घरी बोलावून धर्माचे पाठ शिकवीत. फाटक्या कपड्यांतली ती मुले घरात आलेली आईला रुचत नसे. कॅथरिन अगदी लहान असतानाच वडील वारले. १७९८ साली आईही गेली. जवळचा पैसा संपला होता, त्यामुळे कॅथरिनला नातेवाइकांच्या आश्रयाने दिवस काढावे लागले. दुसऱ्याच्या घरी राहणे म्हणजे काय, हे तिने स्वतः अनुभवले.

पुढे कॅलाहन नावाच्या निपुत्रिक दांपत्याने तिला कूलॉक येथील आपल्या घरी नेले. तिने सुमारे वीस वर्षे त्यांची मनोभावे सेवा केली. १८२२ साली कॅलाहन वारले. त्यांनी आपली सुमारे २५ हजार पौंडांची मालमत्ता तिच्या नावे ठेवली. आता तिला सुखाने बसून खाता आले असते.

पण तिच्या मनाला एक बोच होती. घरकाम करणारी एक मुलगी एकदा तिच्याकडे धावत आली होती. कामाच्या घरी तिच्या अब्रूला धोका होता. कॅथरिनने एका आश्रमात तिच्यासाठी जागा मागितली. समितीची सभा झाल्यावाचून प्रवेश देता येत नाही, असे उत्तर मिळाले. सभा भरेपर्यंत फार उशीर झाला आणि ती मुलगी हातची गेली, असे चरित्रकार सांगतात.

म्हणून कॅथरिनने डब्लिनच्या बॅगट स्ट्रीटवर, श्रीमंतांच्या वस्तीत, एक मोठे घर बांधले. २४ सप्टेंबर १८२७ रोजी ते उघडले. तिथे गरीब मुलींना शाळा होती आणि निराधार कामकरी मुलींना आसरा होता. शेजाऱ्यांनी नाके मुरडली, सख्ख्या भावाने थट्टा केली. तिने मनावर घेतले नाही. १२ डिसेंबर १८३१ रोजी तिने मर्सी भगिनींचा संघ स्थापन केला. त्या मठात बसून राहत नसत. रोग्यांच्या खोलीपर्यंत पायी जात, म्हणून लोक त्यांना चालत्या जोगिणी म्हणू लागले. १८३२ साली डब्लिनमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा त्यांनी इस्पितळात रोग्यांची शुश्रूषा केली. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात असेच केले व त्यातच देह ठेवला.

पैसा सर्वांजवळ नसतो, हे कॅथरिन जाणत होती. गोड शब्द, मायेची नजर आणि दुसऱ्याचे दुःख शांतपणे ऐकून घेणे, हेही दानच होय, अशी तिची शिकवण होती. ११ नोव्हेंबर १८४१ रोजी ती वारली. आपल्या मागे भगिनींनी एकत्र बसून छानसा चहा प्यावा, अशी व्यवस्था तिने मरणाच्या दारात असताना करायला सांगितली. आपले दुखणे विसरून तिने त्यांचा शीण पाहिला.

१९९४ साली आयर्लंडने पाच पौंडांच्या नोटेवर तिचे चित्र छापले. मात्र २००९ च्या चौकशी अहवालाने एक कटू सत्यही उघड केले. विसाव्या शतकात तिच्या संघासह इतर धर्मसंघांनी चालवलेल्या बालगृहांत अनेक मुलांचे हाल झाले होते. दया इमारतीबरोबर वारसाने मिळत नाही. ती ज्याने त्याने रोज नव्याने करावी लागते.

आपल्या घरीही कधी कुणी अडलेला येतो. मंडळाची सभा पुढच्या रविवारी असते, पण त्याची भूक आजची असते. त्याला आधी आत घ्यावे, बसायला द्यावे, चहा द्यावा. सभा नंतर भरवावी.