नेव्हिल शूट : दोन नावांचा अभियंता

दिवसा विमानांची गणिते मांडणाऱ्या आणि रात्री कादंबऱ्या लिहिणाऱ्या एका इंग्रज अभियंत्याने दोन नावे वापरली. कारखान्यात ते नेव्हिल नॉर्वे होते, पुस्तकांवर नेव्हिल शूट. कथा रचणारा माणूस अभियंता म्हणून गंभीर नसावा, अशी शंका कोणाला येऊ नये म्हणून त्यांनी आडनाव पुस्तकांपासून दूर ठेवले होते.

१७ जानेवारी १८९९ रोजी लंडनच्या ईलिंग भागात त्यांचा जन्म झाला. लहानपणी ते अडखळत बोलत. त्यामुळे शाळा नकोशी झाली आणि ती बुडवून हा मुलगा साउथ केन्सिंग्टनच्या विज्ञान संग्रहालयात यंत्रे न्याहाळत बसू लागला. यंत्रांशी झालेली ही मैत्री अखेरपर्यंत टिकली.

ऑक्सफर्डचे शिक्षण संपवून त्यांनी विमान उद्योगात पाऊल टाकले. १९२४ मध्ये ते बार्न्स वॉलिस यांच्या हाताखाली 'आर १००' या महाकाय हवाई जहाजाच्या कामात दाखल झाले. त्याच वेळी सरकारी विभाग 'आर १०१' बांधत होता. १९३० च्या उन्हाळ्यात 'आर १००' कॅनडाला जाऊन सुखरूप परतले. नॉर्वे स्वतः त्यात होते. 'आर १०१' मात्र तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीकडे निघाले आणि ५ ऑक्टोबरच्या पहाटे फ्रान्समध्ये कोसळले. ५४ पैकी ४८ जण मृत्युमुखी पडले. पुढे निर्दोष 'आर १००' सुद्धा मोडीत काढण्यात आले. घाई आणि वरिष्ठांपुढचे मौन यांनी हा घात केला, असे त्यांचे ठाम मत राहिले. ते एकतर्फी असल्याची टीकाही झाली. पण त्या घटनेचा सल त्यांच्या मनातून गेला नाही.

१९३१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 'एअरस्पीड' ही विमान कंपनी उभारली. उड्डाणानंतर चाके आत ओढून घेणारे 'कुरिअर' आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी हजारोंनी बनलेले 'ऑक्सफर्ड' ही तिचीच विमाने. १९३८ मध्ये कंपनी सोडून ते लेखनाकडे वळले, तरी महायुद्धात नौदलासाठी नवनव्या शस्त्रांच्या खटपटीत ते पुन्हा रमले.

अहवालातून जे लोकांपर्यंत पोहोचत नाही, ते त्यांनी कथेतून पोहोचवले. १९४८ च्या 'नो हायवे' या कादंबरीतील एक भिडस्त संशोधक सांगतो, की वारंवार ताण पडून विमानाचे शेपूट तुटणार आहे. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. १९५४ मध्ये दोन 'कॉमेट' विमाने कोसळली, तेव्हा धातूचा असाच थकवा कारण ठरला. फक्त तो शेपटात नव्हता, प्रवासी कक्षाच्या पत्र्यात होता.

१९५० मध्ये ते ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. 'राउंड द बेंड' मध्ये त्यांनी आखाती बहारीनच्या विमानतळावरचा एक यंत्रज्ञ रंगवला. यंत्राची चोख देखभाल हीच त्याची प्रार्थना. मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या सावता माळ्याला मानणाऱ्या मराठी मनाला हा यंत्रज्ञ परका वाटणार नाही.

१२ जानेवारी १९६० रोजी, एकसष्टाव्या वाढदिवसाला पाच दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या 'ट्रस्टी फ्रॉम द टूलरूम' चा नायक ईलिंगमध्येच राहतो, चिमुकली यंत्रे बनवतो आणि त्यांच्याविषयी मासिकात लिहितो. खिशात पैसा नसलेल्या या साध्या माणसाला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते, तेव्हा जगभर विखुरलेले त्याचे वाचक त्याच्या मदतीला धावतात. आयुष्यभर वेगळी ठेवलेली दोन नावे या शेवटच्या कथेत एकाच कामाच्या मेजावर येऊन बसली.