कोण होता वॉल्टर टल? फुटबॉलपटूंच्या बटालियनमधून अधिकारी झालेला कृष्णवर्णीय सैनिक

आजोबा गुलाम, वडील बार्बाडोसहून आलेले सुतार. १८८८ मध्ये इंग्लंडच्या फोकस्टनमध्ये जन्मलेला टल अनाथाश्रमात वाढला, टॉटनहॅम आणि नॉर्थम्प्टनकडून खेळला. डिसेंबर १९१४ मध्ये लंडनला फुटबॉलपटूंसाठी मिडलसेक्स रेजिमेंटची १७वी बटालियन उभी राहिली. त्यात तो भरती झाला. अधिकारीपद मात्र नियमाने फक्त युरोपीय वंशाच्यांसाठी होते. तरी मे १९१७ मध्ये तो सेकंड लेफ्टनंट झाला. नियम बदलला नव्हता, पण अधिकाऱ्यांची चणचण होतीच! पुढे २३व्या बटालियनसोबत इटलीत २६ जणांना घेऊन त्याने पियावे नदी ओलांडली आणि एकही माणूस न गमावता परतला. २५ मार्च १९१८ रोजी फ्रान्समध्ये तो मारला गेला. सहकाऱ्यांना मृतदेहही आणता आला नाही. नाव आरासच्या स्मारकावर आहे.